तीन वर्षांच्या मुलाला पटाचा नियम लावू नका

शाळेचा पट घसरला की त्या शाळेचं काय करायचं, हा वाद महाराष्ट्रात २०२३ मध्ये चांगलाच तापला होता. वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा आणि त्यांत शिकणारी सुमारे एक लाख ८५ हजार मुलं, असे आकडे तेव्हा खुद्द सरकारी यंत्रणेनंच पुढे ठेवले आणि 'समूह शाळा' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. नमुना म्हणून ज्या दोन ठिकाणांची नावं घेतली गेली त्यातलं एक नंदुरबारचं तोरणमाळ, दुसरं आपल्या पुण्याचं पानशेत. वाड्यावस्त्यांवरच्या छोट्या शाळा एकत्र आणायच्या, मुलांची बसनं ने-आण करायची, एका जागी पुरेसे शिक्षक, संगणक, मैदान द्यायचं, अशी ती कल्पना. शिक्षक संघटना संतापल्या, पालक धास्तावले, अग्रलेख झाले. त्या गदारोळात त्याच शाळेच्या आवारात, कित्येकदा भिंतीला भिंत लागून भरणाऱ्या अंगणवाडीचं नाव मात्र फारसं कुणी घेतलं नाही.

मला बोलायचंय ते त्या शेजारच्या खोलीबद्दल. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी पट आणि बस यांचं गणित मांडता येईल, त्यावर दोन्ही बाजूंनी तावातावानं बोलता येईल. तीन ते सहा वयाच्या मुलाला ते गणित लागूच पडत नाही. त्याच्यासाठी निकष एकच असू शकतो : घरापासून चालत जायचं अंतर. आणि डोंगरी तालुक्यात अंगणवाडीची कामगिरी पटावरून आणि टक्केवारीवरून जोखायची सध्याची रीत अपुरी आहे एवढंच नाही, ती उलटं उत्तर देते.

आधी माणसांचा हिशेब बघू. पानशेत ज्यात येतं तो वेल्हे तालुका, म्हणजे सरकारदरबारी आताचा राजगड, पुणे जिल्ह्यातल्या चौदा तालुक्यांतला सगळ्यात विरळ वस्तीचा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या भरली ५४,५१६. पुणे महापालिकेच्या एखाद्या प्रभागात याहून जास्त माणसं राहतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे जिल्हा तब्बल ३० टक्क्यांनी फुगला. वेल्ह्याची लोकसंख्या वाढायची राहिली बाजूला, थोडी घटलीच. त्यानंतरची जनगणना अजून व्हायची आहे, त्यामुळे आज तिथं नेमकी किती माणसं आहेत याबद्दल छातीठोकपणे कुणीच बोलू नये. पण वारं कुठल्या दिशेचं आहे हे कळायला जनगणना लागत नाही.

मुलांची संख्या घटणं हा प्रकार काही वेल्ह्यापुरता नाही. २००१ मध्ये महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाची मुलं होती एक कोटी ३६ लाखांच्या वर. दहा वर्षांनी राज्याची एकूण लोकसंख्या दीड कोटीनं वाढलेली असताना या वयाची मुलं तीन लाखांहून जास्त कमी भरली. शंभर माणसांमागे चौदा मुलं होती, ती बारावर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, राज्याचा एकूण जननदर १.७ निघाला. पिढी जागच्या जागी टिकायला २.१ लागतो. हा दर खाली येणं ही चांगली गोष्ट आहे, त्यासाठीच तर तीन पिढ्या आपण घसा कोरडा केला. पण त्याचा एक परिणाम असा की अंगणवाडीचे जुने निकष पुढे सरकत नाहीत आणि मुलं मात्र त्यांच्या खालून निसटत जातात. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी, डोंगरी आणि आदिवासी भागात ३०० पासून पुढे, त्याहून छोट्या वस्तीला मिनी अंगणवाडी, हे ते निकष. तीनशे वस्तीच्या वाडीत बारा टक्क्यांच्या हिशेबानं छत्तीस लहान मुलं आणि त्यात तीन ते सहा वयाची पंधराएक निघायला हवीत. आता वाडीत म्हातारी माणसंच जास्त असतील तर? पंधराची आठ होतात. लोकसंख्या निकषात बसते आणि पट बसत नाही.

म्हातारी माणसंच का उरली, याला इतिहास आहे. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातला माणूस पिढ्यान् पिढ्या पोटासाठी बाहेर जातच आलाय. मुंबईचे डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरचे. वेल्हे-भोरच्याही कितीतरी बाप्यांनी मुंबईत हमाली केली, गिरणीत घाम गाळला, मिळेल ते काम केलं. पण तेव्हा जायचा तो एकटा पुरुष. बायको, पोरं, म्हातारे गावात राहायचे, मनिऑर्डर यायची, भातलावणीला तो परत यायचा. म्हणजे गाव बाप्यांनी रिकामं व्हायचं, पोरांनी नाही. आता मुंबईऐवजी पुणं आहे आणि ते तास-दीड तासावर आहे. धायरी, नऱ्हे, नांदेड फाटा इथं खोली घेऊन जोडपं जातं आणि लेकरू बरोबर नेतं. ते बरोबरच करतात, माझी त्यांच्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. मात्र वाडीच्या अंगणवाडीत मागे राहतं कोण, ते बघा. ज्यांना पुण्यात खोलीचं डिपॉझिट भरता येत नाही ते. कातकरी वस्तीवरची मुलं. धनगरवाड्यावरची मुलं. आई-बाप दोघंही बाहेर आणि आजीजवळ ठेवलेली एखाद-दुसरी. रस्त्याकडेच्या गावांत त्यात आणखी एक गळती : विंझर-मार्गासनीच्या बाजूला सकाळी पिवळ्या व्हॅन फिरतात आणि ज्याला महिन्याची फी झेपते त्याचं पोर टाय बांधून ज्युनिअर केजीला जातं.

आता या गाळून उरलेल्या मुलांवरून अंगणवाडीला गुण कसे दिले जातात ते बघू. समजा एका अंगणवाडीत वीस मुलं आहेत, त्यातली चार कमी वजनाची. वीस टक्के. वर्षभरात आठ मुलं आईबापांबरोबर पुण्याला गेली. खोलीचं भाडं परवडणाऱ्या घरातली ती, सगळी बऱ्या वजनाची. उरली बारा, त्यातली तीच चार कमी वजनाची. तेहतीस टक्के. एकाही मुलाचं एक ग्रॅम वजन घटलेलं नाही, उलट त्या चौघांचं दोन-दोनशे ग्रॅम वाढलेलंही असेल, पण आढावा बैठकीतल्या तक्त्यात ही अंगणवाडी लाल रंगात येते आणि सेविकेला खुलासा द्यावा लागतो. कशाचा खुलासा? नऱ्ह्यात भाडं परवडतं याचा?

याच्या उलटही घडतं. एकूण नऊच मुलं असलेल्या ठिकाणी एकच अशक्त मूल दुसरीकडे गेलं की टक्केवारी एका फटक्यात अकरा अंशांनी सुधारते आणि त्याचं श्रेय घ्यायला वरपर्यंत सगळे हजर. नऊ मुलांवर टक्केवारी काढणं हाच मुळात विनोद आहे. कुठल्याही संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारा, तो म्हणेल की इतक्या छोट्या संख्येत निव्वळ योगायोगानं होणारी उलथापालथ कामाच्या परिणामापेक्षा मोठी असते. मोठा तालुका आणि छोटा तालुका एका यादीत उतरत्या क्रमानं लावले की यादीच्या अगदी वर आणि अगदी खाली छोटेच दिसायचे. याचं कारण तिथं फार चांगलं किंवा फार वाईट काम चालतं हे नसून तिथं आकडे छोटे आहेत, इतकं साधं आहे.

गंमत म्हणजे खरी माहिती उपलब्ध आहे. मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं मोबाइल ॲप आलं. त्यात एकेका मुलाचं वजन, उंची महिन्याच्या महिन्याला भरली जाते. म्हणजे अमुक मूल जूनमध्ये कुठं होतं आणि मार्चमध्ये कुठं पोचलं, हे सेविकेच्या मोबाइलमध्ये मुलागणिक आहे. शासनाला फक्त ते तसं वाचायचंय. पण वर जाताना त्याची बेरीज होते, बेरजेची टक्केवारी होते, टक्केवारीचा रंग होतो आणि मूल हरवतं.

पानशेतच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात धुक्यानं दहा पावलांवरचं दिसत नाही अशा भागातल्या एका अंगणवाडीत मी सकाळभर बसलो होतो. गावाचं नाव घेत नाही, सेविकेला उगाच त्रास नको. खोली स्वच्छ होती. भिंतीवर फळं, भाज्या, रंग आणि मुळाक्षरं. कोपऱ्यात उंची मोजायची उभी पट्टी, छताच्या हुकाला लटकवलेला वजनकाटा, प्लॅस्टिकच्या बादलीत ठोकळे. मुलं सात. मदतनीस ताई मागं पातेल्यात खिचडी ढवळत होत्या. सेविकेनं गाणं सुरू केलं, हातवारे करत, अगदी मनापासून. दुसऱ्या कडव्याला एक गरोदर बाई आली. तिचा घरी न्यायचा आहार द्यायचा होता आणि त्यासाठी तिचा चेहरा मोबाइलवर ओळखून घ्यायचा होता, कारण २०२५ च्या जुलैपासून तसं केल्याशिवाय पाकीट दिल्याची नोंदच होत नाही. आत रेंज नव्हती. दोघी बाहेर गेल्या, वरच्या बांधावर चढल्या, हात उंच करून उभ्या राहिल्या. मुलांनी तेवढ्यात गाणं आपलं आपण तीनदा म्हटलं आणि मग ठोकळ्यांवरून हाणामारी सुरू केली. सेविका परतली तेव्हा खिचडीची वेळ झालेली. त्या दिवसाचं 'पूर्वप्राथमिक शिक्षण' तेवढंच. दोष कुणाला द्यायचा ते ठरवा, पण गाणं मध्येच सोडून बांधावर चढणाऱ्या त्या बाईला देऊ नका.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीवर सहा सेवांचं ओझं आहे : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारासाठी पाठवणी, आरोग्य-पोषणाचं शिक्षण आणि मुलांचं अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. शेवटचं खरोखरच शेवटी राहिलं. कारण पहिल्या पाचांचा अहवाल मागितला जातो. आहार वाटला नाही तर लगेच कळतं, गोष्ट सांगितली नाही तर कुणालाच कळत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर मानला, २०२२ मध्ये त्याचा आराखडा आला, केंद्रानं २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' म्हणत सेविकांचं प्रशिक्षण काढलं. कागद उत्तम आहेत, हे मी उपरोधानं म्हणत नाही, खरंच उत्तम आहेत. ते अमलात आणायला वेळ कुठून काढायचा, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही.

इथं तामिळनाडूचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ६४० अंगणवाड्या घेतल्या आणि त्यातल्या निम्म्यांना, सोडत काढून, अर्धवेळची एक जादा कार्यकर्ती दिली. तिचं काम फक्त मुलांना शिकवायचं. दीड वर्षानं दिसलं ते असं : शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित दोन्ही सुधारलं. आणि ज्याची अपेक्षा नव्हती तेही झालं, खुरटेपणाचं आणि तीव्र कुपोषणाचं प्रमाणही घटलं, कारण जुन्या सेविकेला पोषणाच्या कामाला हात मोकळा मिळाला. सोडत काढलेली असल्यामुळे 'तिथले पालकच जागरूक असतील' असं म्हणायची सोय नाही. दोन्हीकडचे पालक सारखेच. फरक एका माणसाचा.

महाराष्ट्रात याची गरज काय कमी आहे? त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली आणि ३६ टक्के कमी वजनाची निघाली, आधीच्या फेरीपेक्षा किंचित जास्तच. दरडोई उत्पन्नात मिरवणाऱ्या राज्याची ही अवस्था. तीन ते सहा वयाच्या मुलाच्या रोजच्या आहाराला सर्वसाधारण दर आहे आठ रुपये. त्यात मुलाच्या वाट्याचे उष्मांक आणि प्रथिनं बसवायची. पुण्यात आठ रुपयांत वडापाव सोडा, कटिंग चहाही मिळत नाही.

आता पटाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. सात मुलांची अंगणवाडी म्हणजे काही नंदनवन नव्हे. त्या सातांत तीन वर्षांची दोन, चारची तीन, पाचची दोन, म्हणजे समवयस्क सोबती जवळजवळ नाहीतच. मुलं मुलांकडून शिकतात. भांडण मिटवणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, खोटं खोटं दुकान मांडणं, याला निदान दहा-बारा डोकी हवीत. हा आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आठवड्यातून एखादा दिवस शेजारच्या वाड्यांची मुलं, त्यांच्या सेविका आणि जमेल त्या आया एकत्र याव्यात, शाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर खेळाचा तास व्हावा, असं काही करता येईल. शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात असतील तर हे सहज होतं, फक्त महिला व बालविकास आणि शालेय शिक्षण ही दोन खाती एकमेकांशी बोलली पाहिजेत.

पण पट वाढवायचा म्हणून तीन वर्षांच्या मुलाला बसमध्ये घालायचं, हे मला पटत नाही. त्याला बसमध्ये झोप लागते, शू लागते, घाटात उलटी होते. कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं. आई गेली तर तिचा दिवसाचा रोज बुडतो आणि जिला रोज बुडवता येत नाही तीच नेमकी त्या वाडीत उरलेली आहे. जून ते सप्टेंबर वेल्ह्याच्या पश्चिमेला पाऊस म्हणजे काय चीज आहे, हे पुण्यात खडकवासला-पानशेत किती टक्के भरलं याच्या बातम्या चहासोबत वाचणाऱ्यांना कळायचं नाही. त्या दिवसांत ओढ्यांना पाणी येतं आणि अंगणवाडीत येतात ती फक्त हाकेच्या अंतरावरची मुलं. लांबच्या केंद्रात पटावर नाव राहतं, मूल घरी राहतं. आणि फक्त शिकणंच बुडतं असं नाही, ताजा आहार बुडतो, वजन बुडतं, लसीची तारीख चुकते. शाळा दूर गेली तर एक गोष्ट दूर जाते, अंगणवाडी दूर गेली तर सहा जातात.

हे काही मी नवीन सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच पाहिलं होतं. बालवाडी उघडली म्हणून वारली पाड्यावरची मुलं चालत आली नाहीत. त्यांना गुरं होती, धाकटी भावंडं होती, अंगावर धड कपडा नव्हता. मग या दोघी बाया पाड्यावर गेल्या आणि कुणाच्या तरी दारात, झाडाखाली मुलांना जमवून बसल्या. आंघोळ घालण्यापासून सुरुवात. खडे, बिया, पानं, शंख हीच साधनं. देशभर आज जवळपास चौदा लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या आसपास, त्या सगळ्यांच्या मुळाशी हे निरीक्षण आहे की लहान मूल संस्थेकडे येत नाही, संस्थेनं त्याच्याकडे जायचं असतं. पुण्याच्या शिक्षणप्रेमींच्या सभेत ताराबाईंच्या तसबिरीला हार घालणारेच पटाचा तक्ता काढून बसतात तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

सेविकांच्या दर्जाबद्दलही कुजबुज असते, ती उघड बोललेली बरी. होय, बऱ्याच ठिकाणी शिकवणं म्हणजे मुळाक्षरं ओरडून घेणं एवढंच चालतं. होय, काही ठिकाणी मदतनीसच सगळं बघते. पालक व्हॅनकडे वळतात ते काही निव्वळ टायच्या मोहानं नाही. त्यांना दिसतं की इथं शिकवायला माणूस मोकळा नाही. देशातल्या ग्रामीण भागात पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश खासगी शाळेत किंवा बालवाडीत जातात, असं 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२४ मध्ये दिसलं. त्या खासगी वर्गांत काय शिकवतात हा वेगळाच विषय. तीन वर्षांच्या मुलाला रेघी वहीत लिहायला बसवणारं केजी मला सात मुलांच्या अंगणवाडीहून बरं वाटत नाही. पण पालकांना मूर्ख ठरवून सुटका नाही.

सेविका कशी मिळते तेही बघा. ती त्याच गावची रहिवासी हवी आणि आता बारावी पास हवी. दोन्ही अटी वाजवी. कातकरी वस्तीत बारावी झालेली बाई नसली की सेविका मुख्य गावातून येते. तिची मराठी आणि मुलांची घरातली कातकरी यांत अंतर पडतं. मूल चार-चार महिने तोंड उघडत नाही. तेवढ्यात कुणी पाहणीला आलं तर त्या मुलापुढे भोपळा. त्याला सगळं कळत असतं, फक्त सांगायची भाषा अजून त्याची झालेली नसते. आणि या बाईला आपण देतो काय? तिच्या मानधनातला केंद्राचा दर ऑक्टोबर २०१८ मध्ये महिना साडेचार हजार ठरला आणि पुढची कित्येक वर्षं तिथंच राहिला. राज्य आपली भर घालतं, ती वाढवून घ्यायला २०२३ च्या डिसेंबरपासून ५२ दिवस संप करावा लागला. ग्रॅच्युइटीचा हक्क २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळवावा लागला. ती अजूनही सरकारच्या लेखी नोकरदार नाही, मानसेवी आहे. मानसेवी माणसाकडून अकरा नोंदवह्या, एक ॲप आणि बालमानसशास्त्र अशी अपेक्षा ठेवायची आणि पट घसरला की नोटीस काढायची.

खरं तर छोटा पट ही संधी मानता आली असती. कोथरूडमध्ये, औंधमध्ये 'आमच्याकडे दहा मुलांमागे एक शिक्षिका' असं फलकावर लिहून वर्षाला लाखभर रुपये घेतात. वेल्ह्यात सातांमागे एक सेविका आणि एक मदतनीस आजच आहे. राज्यातल्या सुमारे तेरा हजार मिनी अंगणवाड्यांना नियमित दर्जा द्यायचा निर्णय २०२३ मध्ये झाला, त्यामुळे जिथं एकटी सेविकाच होती तिथंही मदतनीस येण्याची वाट मोकळी झाली. हा निर्णय चांगला होता आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. इतक्या मुलांमागे इतकी माणसं ही गोष्ट जगभरातले बालशिक्षणवाले मागत असतात. ती आपल्याकडे लोकसंख्येच्या उतारानं फुकटात आलीय आणि आपण तिच्याकडे तोटा म्हणून बघतोय.

खर्चाचं काय, असं विचारलं जाईलच. सात मुलांमागे दोन माणसांचं मानधन, इमारत, गॅस, दर मुलामागे खर्च जास्त पडतो. पडतोच. पण मग वेल्ह्याचा हिशेब एका बाजूनंच का मांडायचा? पानशेत, वरसगाव ही धरणं याच तालुक्यात आहेत. त्यांच्या पाण्याखाली इथली गावं, भाताची खाचरं गेली. पुणं ते पाणी पितं. धरणाखाली शेतं गेली म्हणून माणसं उठली, माणसं उठली म्हणून पट घसरला, पट घसरला म्हणून अंगणवाडी परवडत नाही, अशी ही साखळी आहे. तिचं दुसरं टोक ज्या शहरात आहे त्यानं परवडत नाही म्हणणं शोभत नाही.

शिवाय जी मुलं पुण्यात आली त्यांचं तरी आपण काय केलं? धायरी २०१७ मध्ये आणि नऱ्हे, नांदेड २०२१ मध्ये महापालिकेत आलं. लोकसंख्या कुठच्या कुठं गेली, अंगणवाड्या तेवढ्या वाढल्या नाहीत. आहेत त्यातल्या कित्येक भाड्याच्या खोलीत, एका दिव्याखाली, बाजूला पार्किंग. वाडीतल्या सेविकेच्या यादीतून नाव कमी झालेलं मूल इथल्या यादीत चढतंच असं नाही. बाप बांधकामावर, आई घरकामाला, मूल शेजारणीकडे. म्हणजे वेल्ह्यात 'पट नाही' म्हणून आणि धायरीत 'जागा नाही' म्हणून एकच मूल दोन्हीकडून सुटलं. तिकडे दौंड, इंदापूर, बारामतीला ऊसतोडीच्या हंगामात उलटा प्रवाह असतो, बीड-नगरकडची मुलं फडावर येऊन राहतात. त्यांची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे.

तेव्हा मागणी अगदी मोजकी आहे. डोंगरी तालुक्यांत तीन ते सहा वयाच्या मुलासाठी चालत जायच्या अंतराचा नियम लिहून काढावा, अर्धा किलोमीटर म्हणा, ओढा मध्ये असेल तर त्याहून कमी, आणि त्या अंतरात तीन-चार मुलं असली तरी केंद्र बंद किंवा विलीन करू नये. प्राथमिक शाळेला शिक्षणहक्क कायद्याखाली एक किलोमीटरचं अंतर आहे, तीन वर्षांच्या मुलाला मात्र त्या कायद्यात हक्कच नाही, कलम ११ मध्ये शासन 'व्यवस्था करू शकेल' एवढंच म्हटलंय. हे 'शकेल' राज्याला आपल्या पातळीवर 'करील' असं करता येतं, त्यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. दुसरं, दहापेक्षा कमी मुलं असलेल्या केंद्राची टक्केवारी काढणं बंद करावं, मुलागणिक वाढ बघावी आणि सेविकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेनं महिन्याला एकदा सेविकेसोबत बसून प्रत्येक मुलाबद्दल बोलावं. तिसरं, आहाराच्या आणि ॲपच्या नोंदींची कामं दुपारच्या ठरावीक वेळेतच व्हावीत. सकाळचे दोन तास मुलांचे. त्या वेळात सेविकेला कुणी फोनसुद्धा करू नये, तालुक्यातल्या साहेबांनी तर नाहीच नाही.

हे विचारायचं कुणी, हा प्रश्न उरतो. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षांमागून वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सर्वसाधारण सभेत उठून 'माझ्या गटातली अंगणवाडी का बंद पडली' असं ओरडणारा सदस्यच नव्हता. असता तरी तीन ते सहा वयाची मुलं मतदार नाहीत आणि त्यांच्या आयांपैकी निम्म्यांचं नाव एव्हाना दुसऱ्याच यादीत गेलेलं. पण गावात उरलेल्या आज्यांचं मत गावातच आहे आणि सकाळी नातवंडाला अंगणवाडीत पोचवायचं कामही त्यांच्याचकडे आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे तालुकावार आकडे येतील तेव्हा वेल्ह्याच्या शून्य ते सहा वयोगटाचा रकाना आणखी आखडलेला असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे. तो रकाना बघून कुणीतरी 'सुसूत्रीकरण' आणि 'समायोजन' असे शब्द असलेली टिपणी लिहायला घेईल. अंतराचा शासन निर्णय निघायचा असेल तर तो त्या टिपणीच्या आधी निघायला हवा, नंतर तो काढायला कुणाकडे कारण उरणार नाही.